कारण सक्तीचं केलंय, काका

काका, त्या सोमवारी मी तुमच्याशी भांडायची पूर्ण तयारी करून आले होते. एका जुन्या प्रिंटच्या पाठीवर पाच मुद्दे लिहून आणले होते, तुमच्याच पद्धतीने आकडे घालून. शुक्रवारी निघताना तुम्ही म्हणाला होतात, "सोमवारी बसू आणि एकदाचं मिटवून टाकू." दिघीपासून तळवड्याच्या ऑफिसपर्यंत मी स्कूटरवर वाक्यं जुळवत आले. दहा वाजता साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि सांगितलं की ओव्हाळ काका काल सकाळी गेले. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, ही काय रीत झाली, वाद अर्धा टाकून कुणी जातं का. रडू दुपारी आलं. पँट्रीच्या फळीवर तुमचा स्टीलचा डबा तसाच पडला होता, शुक्रवारी विसरलेला.

वाद तसा लहानच होता. ड्रॉइंगवर 'जपा' अशी खूण असेल, तर तिच्या आत 'कारण' लिहिणं सक्तीचं असावं की नसावं. तुम्ही म्हणायचात, सक्तीचं. मी म्हणायचे, ज्याला लिहायचं त्याने लिहावं. एवढ्याशा गोष्टीवर आपण सात महिने भांडलो. साहेब तर आपल्याला एकाच मीटिंगला एकत्र बोलवायचेच बंद झाले होते.

तुम्ही आमच्याकडे आलात तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. पिंपरीच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासणी विभागात काढलेला माणूस, आणि आमच्यासारख्या चौदा जणांच्या कंपनीत, तेही पोरासोरांच्या. आमचं काम साधं होतं. चाकणच्या लहान कारखान्यांत मशीनजवळ कागदी ड्रॉइंग लटकलेली असतात, तेलाने माखलेली, कोपरे फाटलेली. त्यांच्या जागी टॅबलेटवर दिसतील अशी ड्रॉइंग आम्ही करून द्यायचो. साहेबांनी तुम्हाला माझ्याशेजारी बसवलं आणि मला सांगितलं, काकांना एसव्हीजी म्हणजे काय ते समजावून सांग. माझ्या नाकावर तेव्हा माशी बसत नव्हती. मी भराभर बोलले. हे चित्र दिसतं, पण आत सगळं लिहिलेलं असतं. रेघेला एक टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, वर्तुळाला एक टॅग. ब्राउझर ते वाचतो आणि त्याप्रमाणे काढतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला जवळजवळ नाक लावलंत. म्हणालात, म्हणजे ही चित्राची कृती आहे, स्वयंपाकाची असते तशी.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं. यात आपला एखादा टॅग घालता येतो का? मी म्हटलं, येतो, शेवटी एक्सएमएलच आहे ते, टॅगांत लिहिलेला मजकूर. आपल्या टॅगांना वेगळं घराणं द्यायचं, त्याला नेमस्पेस म्हणतात, म्हणजे चित्राच्या टॅगांत आणि आपल्या टॅगांत गल्लत होत नाही. ब्राउझरला आपले टॅग कळत नाहीत. तो त्यांना सोडून गपचूप पुढे जातो.

"गपचूप?" तुम्ही विचारलंत. "ओरडत नाही?"

मी म्हटलं, नाही, ती तर त्याची चांगली गोष्ट आहे. तुम्हाला ती चांगली वाटली नाही. जे कळत नाही तिथे माणसाने हात वर करावा, मशीननेही करावा, असं तुमचं म्हणणं. मी हसले होते, काका. ते हसणं मला पुढे चांगलंच भोवलं.

ड्रॉइंगच्या आतच सगळं असावं हा हट्ट तुम्ही कुठून आणला होता, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तुमचे वडील फाउंड्रीत ओतकामावर होते. सूचनेचा कागद ड्रॉइंगला टाचणीने लावलेला असायचा. एकदा टाचणी निघाली, कागद कुठेतरी उडाला, कास्टिंगचा एक लॉट चुकीचा निघाला आणि ठपका तुमच्या वडिलांवर आला. आठ दिवस ते दापोडीच्या घरात खाटेवर बसून होते, कुणाशी बोलत नव्हते, हे तुम्ही मला चहा ढवळत सांगितलंत, आणि लगेच म्हणालात की बापाला फक्त 'कर' म्हणून सांगितलं होतं, कशासाठी ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा डेटाबेसची बाजू लावून धरली होती. चित्र स्वच्छ ठेवू, माहिती वेगळी ठेवू, दोघांना क्रमांकाने जोडू. तुम्ही म्हणालात, क्रमांक म्हणजे टाचणीच की. मग मी तुम्हाला तुमचं करू दिलं.

टॅगांची नावं तुम्ही ठेवलीत. मराठीत चालतात का, असं विचारलंत. मला ठाऊक नव्हतं, पण करून पाहिलं तर चालली. जे माप चुकलं तर गोंधळ होईल त्याला सगळे क्रिटिकल म्हणतात, पण तुम्ही लिहिलंत 'जपा'. आत 'माप', 'गेज' म्हणजे कशाने मोजायचं ते, 'कारण' आणि 'सांगणारा'. नेमस्पेसला एक पत्ता द्यावा लागतो असं मी म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, कुणाचा पत्ता? मी म्हटलं, कुणाचाही, तिथे कुणी जात नाही, ते फक्त नाव असतं. जिथे कुणी राहत नाही असा पत्ता लिहायचा, हे तुम्हाला पटेना. शेवटी म्हणालात, मग माझाच टाक. म्हणून आपल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या पहिल्या ओळीत दापोडी आहे. एका गिऱ्हाईकाच्या इंजिनिअरने फोन करून विचारलं होतं की हे दापोडी कुठलं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही दिवसभर हसत होतात.

मी त्या टॅगांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो प्रत्येक 'जपा' शोधायचा आणि त्या मापाभोवती लाल चौकट काढायचा. एक नियमपुस्तकही लिहिलं, स्कीमा म्हणतात तसं. फाइल बाहेर जाण्याआधी त्यातून जायची: रेघा-वर्तुळं एसव्हीजीच्या नियमाने तपासायची, आपले टॅग आपल्या नियमाने. ही विभागणी तुम्हाला लगेच पटली. आलेल्या मालाची तपासणी वेगळी आणि चालू कामाची वेगळी, आयुष्यभर हेच केलंय, म्हणालात. मी तुम्हाला शिकवतेय असं मला वाटत होतं. कोण कुणाला शिकवत होतं ते आता काय सांगायचं.

आणि तुमचं ते वाचन. ड्रॉइंग मोठ्याने वाचायचं, हा तुमच्या तपासणी विभागाचा जुना रिवाज. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने पार्टवर नेमक्या त्या जागी बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "आहे." पार्ट नसेल तर स्क्रीनवर बोट. मनातल्या मनात वाचलेलं तुम्ही धरतच नव्हतात. ऑफिसात सगळे त्याला काकांची हजेरी म्हणायचे आणि वाचायची वेळ आली की एकेक जण पाणी प्यायला उठायचा. मीही उठायचे. नियमपुस्तक असताना हा कुटाणा कशाला, असं मी तुमच्या तोंडावर म्हणाले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

श्रावणात चाकणहून तक्रार आली की टॅबलेटवर ड्रॉइंग उघडायला फार वेळ लागतो. मी एक साफसफाईचा प्रोग्राम आणला. तो एसव्हीजीमधलं फालतू काढून फाइल हलकी करतो. त्याच्या लेखी फालतू म्हणजे जे त्याला ओळखू येत नाही ते. मी तो सगळ्या फोल्डरवर फिरवला. फाइली निम्म्या झाल्या, चित्रं जशीच्या तशी दिसली, नियमपुस्तकाने सगळ्या फाइली पास केल्या. मी खुशीत सगळी ड्रॉइंग चाकणला पाठवली आणि स्वतःसाठी बटाटेवडा मागवला.

सगळे 'जपा' गेले होते. माझ्या चौकटीच्या प्रोग्रामला चौकट काढायला काही सापडेना, म्हणून तो काही काढत नव्हता, आणि गप्प होता. नियमपुस्तकही गप्प होतं, कारण एकही 'जपा' नसलेलं ड्रॉइंग हेही त्याच्या लेखी बरोबर ड्रॉइंग. जे आहे तेवढं ते तपासत होतं. जे नाही त्याची त्याला खबर नव्हती, आणि मलाही नव्हती.

दोन दिवसांनी तुम्ही चाकणला गेलात. पत्रा दाबायच्या प्रेसवर गोपाळभाऊ होते, खेडच्या बाजूच्या गावचे, तुमच्या हजेरीला न कंटाळणारा तो एकच माणूस. तुम्ही आकडा वाचलात, त्यांनी बोट ठेवलं, आणि तुम्ही लाल चौकट शोधायला लागलात. मशीन थांबवून मला फोन केलात. विचारलंत, "अर्चना, लाल कुठं गेलं?" मी अभिमानाने सांगितलं की फाइली हलक्या केल्यात.

"बरं," म्हणालात. "व्हर्निअर घेऊन ये."

दोन दिवसांत निघालेला एकेक पार्ट आपण सरफेस प्लेटच्या सपाट लादीवर ठेवून व्हर्निअरने मोजला. हात तेलाने काळे झाले. माल चांगला निघाला, नशीब माझं. मग आपण साहेबांसमोर उभं राहिलो. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत ती "आमच्याकडून झालं" अशी. माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाहीत. ते 'आमच्याकडून' मी अजून विसरलेले नाही, काका. माझे वडील भोसरीत प्रेस शॉपमध्ये होते, दोन बोटं गमावून बसले, आणि त्यांच्या बाजूने असं एक 'आमच्याकडून' कुणी म्हणालं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगणार होते. राहून गेलं.

जुनी प्रत कुठेच नव्हती. कोडचा सगळा इतिहास मी जिवापाड सांभाळत होते, पण ड्रॉइंग म्हणजे तयार माल, त्याचा इतिहास कशाला, असं मीच ठरवलं होतं. बॅकअपच्या डिस्कवर जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसल्या होत्या. मी तुम्हाला विचारलं, तुमच्याकडे कुठे कॉपी आहे का? तुम्ही सरळ माझ्या डोळ्यांत बघितलंत आणि म्हणालात, "नाही." आणि लगेच, "परत वाचू."

तेव्हापासून दिवाळीपर्यंत रोज दुपारी तीन ते पाच आपण बसलो. तुमच्या हातात कागदी प्रिंट, माझ्यासमोर स्क्रीन. तुम्ही वाचायचात, मी बोट ठेवायचे आणि "आहे" म्हणायचे, मग तुम्ही म्हणायचात "जपा" किंवा पुढे जायचात. पहिले दोन दिवस मी नुसतं टाइप केलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून विचारलं, हेच का जपायचं? शेजारचं माप का नाही? तुम्ही प्रिंट खाली ठेवलीत. इतके खूश झालात की मला वाटलं, माझं काही चुकलं.

त्या दिवसापासून 'कारण' भरायला लागलं. आधीच्या फाइलींत तो टॅग नुसता नावाला होता. पण तुमचा एक नियम होता, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. न विचारता सांगितलेलं डोक्यात राहत नाही, म्हणायचात. मग मी विचारत सुटले. इथे बर, म्हणजे कडेची धारदार कुसळ, राहिली तर वायरचं आवरण हळूहळू कापतं. हे माप पार्ट गरम असताना घेतलं तर खोटं येतं, आधी गार होऊ दे. इथे डावखुरा माणूस क्लॅम्प उलटा बसवतो, त्यात त्याची चूक नाही, क्लॅम्पच तसा आहे. हे शेवटचं सांगताना तुम्ही मुद्दाम म्हणालात की "त्याची चूक नाही" हेही लिही. मी म्हटलं, ते कारणात बसत नाही. तुम्ही म्हणालात, बसतं.

रोजच काही गोडीगुलाबीने चाललं नाही. एका दुपारी तुम्ही साहेबांसमोर म्हणालात, अर्चना मॅडम साफसफाईत फार हुशार आहेत बरं का. सगळे हसले. मला झोंबलं. मी तोंड फुगवून बसले आणि दोन तास नुसतं "आहे, आहे" करत राहिले. एक अक्षर विचारलं नाही. तुम्हीही पुढे वाचत राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून आल्याचा चहा थर्मासमध्ये घेऊन आलात, आणि मी तो प्यायले. झालं, मिटलं. असं मला वाटलं.

सक्तीचा वाद त्याच दिवसांतला. तुम्ही म्हणालात, नियमपुस्तकात घाल, कारण नसलेला 'जपा' पास करायचा नाही. मी म्हटलं, काका, नियमपुस्तक शब्द आहेत की नाहीत एवढंच बघू शकतं, खरं की खोटं ते नाही. सक्ती केली की लोक 'ओके' लिहितील, टिंब टाकतील, आणि हिरवी खूण मिळवून मोकळे होतील. रिकामं तरी रिकामं दिसतं. तुम्ही म्हणालात, टिंब टाकणाऱ्याला 'सांगणारा'मध्ये स्वतःचं नाव लिहावं लागेल ना. लिहू दे की टिंब स्वतःच्या नावावर. मी म्हटलं, लोकांना तेवढी लाज नसते. यावर तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की आजही ते आठवलं की मी खुर्चीत सरळ बसते. तरी मी मागे हटले नाही. माझा मुद्दा चुकीचा नव्हता, अजूनही नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी दापोडीला आले. रेल्वेलगतची तुमची गल्ली मी पहिल्यांदाच पाहिली. त्रिशरण-पंचशील झालं, तुमचे जुने सोबती बोलले, एकाने तर तुमच्या हजेरीची नक्कल करून दाखवली आणि मग त्यालाच हुंदका आवरेना. निघताना काकूंनी मला आत बोलावलं. कपाटातून एक पेनड्राइव्ह काढला, रुमालात बांधलेला.

"हा अर्चनाचाय, म्हणायचे," काकू म्हणाल्या. "दिवाळी झाली की देणार होते. मग म्हणले, राहू दे अजून, पोरगी भांडंल."

घरी येऊन लावला. सगळी ड्रॉइंग होती. साफसफाईच्या आधीच्या शनिवारची. एकूण एक 'जपा' जागच्या जागी. नंतर काकूंना फोन केला तेव्हा कळलं, दर शनिवारी तुम्ही डब्याच्या पिशवीतून प्रत घरी आणायचात. मूळ ड्रॉइंग एकाच जागी ठेवायचं नाही, ही तुमची कारखान्यातली सवय.

काका, तुम्ही खोटं बोललात. माझ्या डोळ्यांत बघून बोललात. अडीच महिने माझी दुपार घेतलीत, रोज दोन तास, आणि रुमालात बांधलेली प्रत कपाटात होती. मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. तुम्ही समोर असता तर खरोखर भांडले असते, काकूंचं म्हणणं खोटं नव्हतं. साहेबांसमोर माझ्यासाठी ढाल झालात आणि इकडे मला असं फसवलंत.

मग मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. पेनड्राइव्हवरची आणि आपण वाचून केलेली. पहिल्या फाइलीत 'जपा', 'माप', 'गेज', बस्स. दुसऱ्या फाइलीत त्याच जागी वायरचं आवरण, गरम पार्ट, डावखुरा माणूस आणि त्याची चूक नाही. एकामागून एक उघडत गेले. सगळीकडे 'सांगणारा' म्हणून तुमचं नाव. माझं नाव कुठेच नाही, पण प्रत्येक कारणाच्या आधी मी विचारलेलं मला ऐकू येत होतं. तुम्ही मला पेनड्राइव्ह दिला असता तर मी दहा मिनिटांत सगळं परत भरलं असतं, तुमचे आभार मानले असते, आणि हजेरीच्या वेळी पुन्हा पाणी प्यायला उठले असते. मला माझी माहिती आहे. तुम्हालाही होती. राग गेला असं म्हणणार नाही. पण असं शहाणं खोटं माझ्यासाठी आजवर कुणी बोललं नव्हतं, काका. तुमच्याइतका चांगला शिक्षक मला शाळेत मिळाला नाही, कॉलेजात मिळाला नाही. हे तोंडावर म्हणाले असते तर तुम्ही 'मॅडम, काम करा' म्हणाला असता.

गेल्या सोमवारी मी नियमपुस्तक उघडलं आणि 'कारण' सक्तीचं केलं. माझे पाच मुद्दे ड्रॉवरमध्येच आहेत, त्यांतले दोन तर फार चांगले आहेत, पण ते आता ऐकणार कोण. सगळ्या फाइली नव्या नियमातून सोडल्या. हिरव्या खुणा खालपर्यंत येत गेल्या. आणि एक लाल.

एक ब्रॅकेट. दोन कान वाकवलेले, दोन्ही कानांत भोक. बेंडपासून भोकापर्यंतचं माप, त्यावर 'जपा'. 'कारण' रिकामं. फाइलीची तारीख पाहिली. साफसफाईत हुशार, असं तुम्ही म्हणालात तो दिवस. मी तोंड फुगवून बसले होते. तुम्ही आकडा वाचलात, मी "आहे" म्हटलं, तुम्ही "जपा" म्हणालात आणि बहुतेक थोडे थांबलात. मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही.

त्या ब्रॅकेटचा नवा लॉट बुधवारी चाकणला मशीनवर चढायचा होता, आणि मीच केलेल्या नियमाप्रमाणे ड्रॉइंग बाहेर जाऊ शकत नव्हतं. साहेब म्हणाले, "काहीतरी लिही आणि सोड ना." म्हणजे टिंबच. आणि 'सांगणारा'मध्ये नाव कुणाचं? तुमचं घालायला माझा हात धजला नाही. माझं घातलं तर मला ठाऊकच नव्हतं. मंगळवारभर ते ब्रॅकेट टेबलावर ठेवून मी त्याच्याकडे बघत बसले. बोट ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला. काही कळलं नाही. खरं सांगते, घाबरले होते. हे एक मला आलं नाही तर त्या अडीच महिन्यांत मी काय शिकले, नुसतं टायपिंग?

बुधवारी सकाळी तुमचं व्हर्निअर पिशवीत टाकलं आणि चाकणला गेले. गोपाळभाऊ प्रेसवर होते. तुमचं नाव निघताच त्यांनी मशीन बंद केलं. मग मी ब्रॅकेट पुढे केलं आणि विचारलं, या भोकाबद्दल काका कधी काही बोलले होते का?

"व्हय," ते म्हणाले. "मी इचारलं व्हतं."

त्यांनी रिजेक्ट मालाच्या पेटीतून एक ब्रॅकेट काढलं, भोक जरासं सरकलेलं. त्यात पिन घातली. पिन पहिल्या कानातून गेली आणि दुसऱ्याशी अडली. मग त्यांनी लहान हातोडी घेतली आणि पिनेच्या डोक्यावर दोनदा ठोकली. पिन बसली. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. चांगल्या ब्रॅकेटपासून वेगळं ओळखू येईना.

"बघा. आता कुनाला कळनार, ताई? पिन ताणात ऱ्हाती, न् चालत्या गाडीत कवातरी तुटती. काका म्हनलं, हातोडी उचलावीशी वाटली की थांबायचं, न् आदी हे माप बगायचं."

मी तिथेच टॅबलेट उघडला. लिहिलं: भोक सरकलं तरी पिन हातोडीने बसते, म्हणून चूक दिसत नाही, हातोडी उचलावीशी वाटली की थांबून हे माप बघावं. 'सांगणारा'मध्ये गोपाळभाऊंचं नाव घातलं. ते संकोचले, काकांचं घाला म्हणाले. मी म्हटलं, ज्याने सांगितलं त्याचं नाव, काकांचाच नियम आहे. फाइल नियमपुस्तकातून सोडली. हिरवी आली. मापाभोवती लाल चौकट उमटली.

पेनड्राइव्ह मी ठेवलाय. दर शनिवारी त्यावर प्रत घेते आणि डब्याच्या पिशवीतून दिघीला आणते. रुमालही तोच आहे, काकूंना परत देणार नाही, तुम्हीच सांगा त्यांना.

त्या बुधवारी नव्या लॉटचा पहिला पार्ट निघाला तेव्हा गोपाळभाऊंनी तो पुसून सरफेस प्लेटवर ठेवला आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. मला क्षणभर कळलं नाही ते कशासाठी थांबलेत. मग टॅबलेट हातात घेऊन मी वाचायला लागले. पहिला आकडा मोठ्याने वाचला. त्यांनी बोट ठेवलं.

"हाय," ते म्हणाले.

दुसरा वाचला. "हाय." तिसऱ्याभोवती लाल चौकट होती. मी आकडा वाचला आणि म्हटलं, "जपा." त्यांनी भोकाच्या कडेवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"ह्याचं काय कारन, ताई?"

त्यांनीच मला सांगितलेलं होतं, तरी मी टॅबलेट उलटा करून टेबलावर ठेवला, काका, आणि त्यांना सांगितलं.